अंगठा, अंगठी आणि अंगुस्तान



भाची उमराह करून आली. येताना सगळ्यांसाठी खजूर, जमजमची बाटली, पोरींसाठी अत्तराच्या कुप्या आणि माझ्यासाठी खास एक अंगठी. सोन्याची नाही, चांदीचीही नाही. काळ्या प्लास्टिकची, आणि खड्याच्या जागी नखाएवढा पडदा. बाजूला एक बटण. सुबहानल्लाह म्हणा, बटण दाबा, आकडा एकाने पुढे सरकतो. ३३ झाले की बोटाला हलकीशी थरथर जाणवते. नमाजच्या वेळेलाही थरथरते म्हणे, आणि मोबाईलशी जोडली तर आठवड्याभरात किती तस्बीह झाली त्याचा हिशेबही दाखवते.

नातवाने पहिल्याच संध्याकाळी ती बोटात घातली आणि क्रिकेट बघता बघता बटण दाबून दाबून आकडा अकराशेच्या पुढे नेऊन ठेवला. वर मला म्हणतो, "दादी, तुझा सवाब वाढवून ठेवलाय."

नव्या वस्तूला नाक मुरडायची माझी सवय नाही, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. मण्यांची तस्बीह तरी कुठे आभाळातून पडली होती? आमच्या सासूबाई आयत-ए-करीमाचं वाचन असलं की चादरीवर चिंचोक्यांचा ढीग ओतायच्या आणि सगळ्या बायका एकेक चिंचोका या ढिगातून त्या ढिगात टाकत जायच्या. मोजायचं साधन काहीही चालतं. तरी अंगठी हातात घेतली आणि मला एक हदीस आठवली. हजरत युसैरा (रजि.) सांगतात की, प्रेषितांनी (स.) स्त्रियांना तस्बीह करत राहायला सांगितलं आणि ती बोटांच्या टोकांवर मोजायला सांगितली, कारण या बोटांना प्रश्न विचारले जातील आणि त्यांना बोलायला लावलं जाईल. अबू दाऊद आणि तिर्मिजी, दोन्ही संग्रहांत ती आहे. सूरह यासीनमध्येही त्या दिवशी तोंडं बंद होऊन हात बोलतील असं येतं. एका बोटाची तीन पेरं, दहा बोटांची तीस, वर तीन. इतका सोपा हिशेब हाताशी असताना बटण कशाला, असं म्हणून मी अंगठी कपाटात ठेवून दिली. भाची आली की घालीन.

तर बोटं बोलणार आहेत. तिथे बोलतील याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण इथे, फलटणात, रेशनच्या दुकानात माझी बोटं मुकी झाली आहेत.

रेशन कार्डावरच्या प्रत्येक माणसाची ई-केवायसी करायची होती. आम्ही सगळे गेलो. मुलाचा अंगठा लागला, सुनेचा लागला, नातवंडांचे लागले. माझी पाळी आली तेव्हा मशीनने तोंड फिरवलं. पुन्हा ठेवला. पुन्हा नाही. पदराला पुसून ठेवला. डावा ठेवला. मागे रांगेत उभ्या बायकांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. कुणी म्हणे केसांवर घासा, कुणी म्हणे ओल्या फडक्याने पुसा, कुणी म्हणे घरून व्हॅसलीन लावून या. नात कानात पुटपुटली, "दादी, जोर से नक्को दबाव." सातव्या की आठव्या खेपेला दुकानदारच म्हणाला, "मावशी, तुमचा अंगठा उठत नाही. नंतर बघू." मराठीत एखाद्याला वाटेला लावायचं झालं तर अंगठा दाखवला म्हणतात. इथे मी मशीनला अंगठा दाखवत होते आणि मशीनने मलाच दाखवला.

यातली गंमत अशी की त्या कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नाव माझंच आहे. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरातल्या अठरा वर्षांवरच्या सगळ्यांत थोरल्या स्त्रीला रेशन कार्डापुरतं कुटुंबप्रमुख ठरवलं आहे. कायदा फार चांगला. तेव्हा मुलाने मला तो वाचून दाखवला होता आणि मी दोन दिवस घरात जरा ताठ मानेने वावरले होते.

माझी आई अंगठाछाप होती. पोस्टातून मनिऑर्डर आली की पोस्टमन शाईचं पॅड काढायचा आणि ती पदराआड हात धरून अंगठा पुढे करायची. शाई नंतर दोन दिवस निघायची नाही. भाकरी थापताना ती अंगठा दुमडून घ्यायची. मी सातवीपर्यंत शिकले ते तिच्या हट्टाने. पहिल्यांदा बँकेत सही केली तेव्हा घरी येऊन ती तिला एका कागदावर करून दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, पण तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. अंगठ्यापासून सहीपर्यंत यायला आमच्या घराला एक पिढी लागली. आता सहीला कुणी विचारत नाही. पुन्हा अंगठा मागतात, आणि तो माझ्यापाशी राहिलेला नाही.

कुठे गेला? चाळीस वर्षं शिलाई मशीनखाली कापड सरकवण्यात गेला. अंगठा आणि तर्जनी, या दोन बोटांनीच कापड पुढे ढकलायचं असतं. हाताने तुरपाई करायची तर सुई याच दोघांत. त्यासाठी दर्जी लोक बोटात धातूचं टोपण घालतात, त्याला अंगुस्तान म्हणतात. फारसीतलं आहे, अंगुश्त म्हणजे बोट. मला त्याची कधी सवय झाली नाही. त्यात धुण्याचा सोडा, भांड्यांची राख, मग पावडर. वर वय. कातडी कोरडी पडते, सैल होते, रेषा सपाट होत जातात. मशीनला दिसतात त्या रेषांच्या उंचसखल वाटा, आणि माझ्या अंगठ्यावर आता माळ झाला आहे. गवंड्यांचं असंच होतं, सिमेंट आणि चुना रेषा खाऊन टाकतो. ऊस तोडणाऱ्या बायकांचं, वीटभट्टीवरच्यांचं, धुणीभांडी करणाऱ्यांचं असंच. म्हणजे ज्यांना रेशनच्या धान्याची सगळ्यांत जास्त गरज, त्यांचेच अंगठे सगळ्यांत आधी पुसले जातात.

माझं काही अडलं नाही. महिन्याचं धान्य घ्यायला घरातल्या कुणाही एकाचा ठसा चालतो, तेव्हा सूनबाई घेऊन येते. पण आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारी बी राहते. एकटी. तिच्या कार्डावर एकच नाव. तिने कुणाची सून आणायची?

हे ठशांचं प्रकरण आलं कुठून, म्हणून मी शोधायला लागले. नातीला सांगितलं, मोबाईलवर बघ आणि मोठ्याने वाच. तर ते आपल्याच देशात सुरू झालं की! १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर इथे विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. रस्त्यासाठी खडी पुरवणाऱ्या एका ठेकेदाराने उद्या करार नाकारू नये म्हणून त्याने त्याच्या आख्ख्या पंजाला शाई लावून तो करारावर उमटवून घेतला. पुढे १८९७ साली कलकत्त्यात ठशांचं दफ्तर उघडलं. जगातलं पहिलं. आता हजारो माणसांचे ठसे गोळा झाले, पण त्यांतून एक माणूस शोधायचा कसा? ही गाठ सोडवली काझी अझीझुल हक नावाच्या एका तरुण फौजदाराने. खुलना जिल्ह्यातला, गणितात हुशार. त्याच्या जोडीला हेमचंद्र बोस.

आपल्याकडे मुलं बोटांवर शंख किती, चक्रं किती ते मोजत बसतात ना? गोल गोल फिरणारी रेषा म्हणजे चक्र. हकसाहेबांनी नेमकं तेच धरलं. दहा बोटांच्या पाच जोड्या. पहिल्या जोडीला १६ गुण, मग ८, ४, २ आणि शेवटच्या जोडीला १. ज्या बोटावर चक्र असेल त्याला त्याच्या जोडीचे गुण, नसेल तर शून्य. जोडीतल्या एका बोटाचे गुण वरच्या रांगेत लिहायचे, दुसऱ्याचे खालच्या, आणि शेवटी दोन्हीकडे एकेक मिळवायचा. वर १ ते ३२, खाली १ ते ३२. ३२ गुणिले ३२ म्हणजे १,०२४ कप्पे. कुणाचेही ठसे आले की कप्पा ठरलेला, तेवढाच उघडायचा. एकही चक्र नसलेला माणूस एक बाय एकच्या कप्प्यात.

आणि या पद्धतीला जगात नाव काय? हेन्री पद्धत. एडवर्ड हेन्री हे त्यांचे वरिष्ठ. १९०१ साली ते लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेले, तिथे ही पद्धत सुरू केली आणि ती साऱ्या जगात गेली. हकसाहेबांना आणि बोसबाबूंना पुष्कळ वर्षांनी, हात पाय थकल्यावर, पाच-पाच हजार रुपये मिळाले. हकसाहेबांना खानबहादूर किताबही मिळाला. अलीकडे इंग्लंडमधल्या ठसेतज्ज्ञांच्या संस्थेने दोघांच्या नावाने पारितोषिक ठेवलं आहे. ज्याने जगाला माणूस ओळखायला शिकवलं त्यालाच ओळखायला जगाला इतकी वर्षं लागली. मग माझ्या अंगठ्याचं काय घेऊन बसलात!

पण हकसाहेबांच्या पद्धतीत एक गोष्ट होती ती आमच्या दुकानात नाही. ते दहाही बोटं बघायचे. दुकानात फक्त अंगठा मागतात. आधारसाठी नाव घातलं होतं तेव्हा आठवून बघा, दहाही बोटांचे ठसे घेतले होते, दोन्ही डोळ्यांचे फोटो घेतले होते, चेहरा घेतला होता. देशातलं पहिलं आधार आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं, तेव्हापासूनची ही रीत. म्हणजे अंगठा उठला नाही तर मधलं बोट आहे, करंगळी आहे. आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्याने देता येतात. आता चेहऱ्यावरून ओळख पटवायचीही सोय आली आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ज्यांच्या घरी अशी म्हातारी माणसं आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं: केंद्राच्या अन्न खात्याने ऑक्टोबर २०१७ मध्येच सगळ्या राज्यांना लिहून कळवलं आहे की, ठसा जुळला नाही किंवा नेटवर्क नव्हतं एवढ्या कारणाने पात्र माणसाला धान्य नाकारायचं नाही. कार्ड बघून, वेगळी नोंद करून द्यायचं. हे मी सुनेकडून एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहवून घेतलं आणि गल्लीच्या टोकाच्या बीला दिलं. ती तो कागद कार्डाच्या पिशवीत ठेवते. पुढच्या वेळी सूनबाई तिच्याबरोबर जाणार आहे.

पेन्शनवाल्यांचंही हेच. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा. पूर्वी बँकेत जाऊन साहेबासमोर उभं राहिलं की झालं. साहेब म्हणायचा, काय गुरुजी, बरे आहात ना? तोच दाखला. नोव्हेंबर २०१४ पासून तो ठशावर, यंत्राने द्यायची सोय झाली. माझा भाऊ निवृत्त शिक्षक. चाळीस वर्षं खडू धरलेली बोटं. भाऊ खुर्चीत बसलेला, हातात चहाचा कप, आणि मशीन म्हणतंय ओळख पटली नाही. वहिनी म्हणाली, मला तर पटतेय! २०२१च्या नोव्हेंबरपासून मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला देता येतो, तसा त्याने दिला. डोळे मिचकवायला सांगतात. मिचकवले की तुम्ही हयात.

आता कुणी म्हणेल, म्हातारी यंत्रांवर रुसली. तसं असतं तर मी माझ्या शिलाई मशीनला काय म्हणू? लग्नात आलेलं उषाचं हातमशीन. एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताने कापड सांभाळायचं. पुढे पायमशीन घेतलं आणि दोन्ही हात मोकळे झाले. त्या दिवशी मला पंख फुटल्यासारखं वाटलं होतं. मुलांची शिक्षणं त्या बॉबिनवर झाली.

गांधीजींना यंत्रं आवडत नसत, हे शाळेत शिकलो. पण १९२४ साली रामचंद्रन नावाच्या एका तरुणाने त्यांना विचारलं की सगळीच यंत्रं वाईट का, तेव्हा त्यांनी अपवाद म्हणून काढलं ते सिंगरचं शिलाई मशीन. बायको हाताने शिवून शिवून दमते हे सिंगरला बघवलं नाही आणि तिच्या प्रेमापोटी त्याने मशीन बनवलं, असं त्यांचं म्हणणं. गोष्ट गोड आहे. खरे सिंगरसाहेब मात्र निराळे होते. त्यांचे संसार एकाहून अधिक ठिकाणी होते, मुलं वीसच्या वर, आणि मशीन त्यांनी पैशासाठी केलं. तरी मला गांधीजींची कसोटी पटते. यंत्र करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक माणूस होता का, त्या माणसाचे हात होते का?

आमच्या फलटणात अशी माणसं आहेत. निंबकर कृषी संशोधन संस्था १९६८ पासून इथे आहे. लोक तिला 'नारी' म्हणतात. अनिल राजवंशी हे अमेरिकेत शिकलेले इंजिनिअर १९८१ साली तिथे आले आणि इथलेच झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रॉकेलच्या चिमणीत डोळे फोडणाऱ्या बायामुलांसाठी त्यांनी एक कंदील केला. रॉकेलवर चालतो, इथेनॉलवरही चालतो आणि शंभर वॅटच्या दिव्याइतका उजेड देतो. त्याचं नाव काय ठेवलं असेल? 'नूरी'. मला हे नाव कळलं तेव्हा उगाच आपल्या घरातली कुणी असल्यासारखं वाटलं.

त्याच संस्थेने १९९०च्या दशकाच्या शेवटी सायकलरिक्षाला हात घातला. उत्तरेकडे माणूस माणसाला ओढतो ती तीन चाकी. इतकी वर्षं ती तशीच जड, ना गिअर, ना धड ब्रेक. कुणाला वाटलंच नव्हतं की ओढणाऱ्यालाही छाती असते. यांनी आधी तिचं वजन कमी केलं, गिअर बसवले, ब्रेक सुधारले, मग मोटरची जोड दिली आणि शेवटी बॅटरीवर चालणारी रिक्षाच केली. आज दिल्ली-लखनौच्या रस्त्यांवर ज्या ई-रिक्षा फिरतात त्या बहुतेक चिनी सुट्या भागांवर उभ्या राहिल्या, 'नारी'च्या नव्हेत. पण देशात या गोष्टीचा विचार ज्यांनी अगदी आधी केला त्यांत फलटणचं नाव आहे, हे आपल्याच गावातल्या किती जणांना ठाऊक असतं?

शिकलेल्यांचं सोडा. शेजारच्या सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे आहे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार फारसे शिकलेले नाहीत. पोराने गाडी मागितली. गाडी घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी भंगार गोळा करून चारचाकी जीपच बनवली. साठ हजारांच्या आसपास खर्च. आणि ती चालू कशी व्हायची? स्कूटरसारखी, किक मारून! २०२१च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ घरोघरी फिरला. आमच्याकडे सून स्वयंपाक सोडून बघायला आली होती. आनंद महिंद्रांनी तो पाहिला. ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी अडवतीलच, तेव्हा ती आम्हाला द्या आणि नवी बोलेरो घ्या, असं त्यांनी कळवलं. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो आली आणि भंगारातली जीप कंपनीच्या संशोधन केंद्रात गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. फक्त मनात एक आलं की त्या पोराला बोलेरोत बसताना किकची आठवण येत असेल का. बापाने आपल्यासाठी हाताने केलेली वस्तू आणि दुकानातली वस्तू, दोन्हींत बसायला जागा तेवढीच असते, पण...

असो. त्याच कडेगाव तालुक्यातली आणखी एक बातमी मी कात्रण करून ठेवली आहे. कडेगाव म्हटलं की आपल्याला उंचच उंच ताबूत आठवतात, मोहर्रमला त्यांच्या भेटी होतात आणि हिंदू-मुसलमान दोघे खांदा देतात. पण ही बातमी ताबुतांची नाही. मोहित्यांचे वडगाव, वस्ती तीनेक हजारांची. १५ ऑगस्ट २०२२ पासून गावाने ठरवलं की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घराघरात टीव्ही बंद, मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग चालू. कोरोनात शाळा मोबाईलवर भरली, आणि शाळा सुटली तरी मोबाईल पोरांच्या हातून सुटेना, तेव्हा गावाने हा उपाय काढला. सुरुवातीला लोक हसले, मग शिक्षक, आशाताई, अंगणवाडीच्या बाया घरोघर फिरल्या.

मी हे वाचलं आणि घड्याळाकडे बघितलं. ऑगस्टात आपल्याकडे मगरिब साधारण सातच्याच सुमाराला होते, आणि सव्वाआठच्या आसपास इशा. म्हणजे वडगावचा तो दीड तास म्हणजे जवळजवळ आपला मगरिब ते इशा! आमच्या लहानपणी त्या वेळात दिवा लागायचा, हातपाय धुऊन पोरं सिपारा घेऊन बसायची. शेजारच्या काकूंकडे शुभंकरोती चालायची. तिथे देवळावरचा भोंगा वाजतो, इथे मशिदीत अजान होते. वेळ तर दोघांनी एकच निवडली.

आमच्या घरी करून बघायचं ठरवलं. सरसकट होईना. मधला मुलगा दम्मामला आहे. त्याची ड्यूटी साडेचारला सुटते, तेव्हा आपल्याकडे सात वाजलेले असतात, आणि त्याचा फोन नेमका तेव्हाच येतो. त्याच्या आवाजावर कसला भोंगा वाजवू? म्हणून एक फोन, माझा साधा बटणांचा, बाहेर राहतो. बाकीचे पितळी डब्यात. पहिले दोन दिवस सगळे डब्याकडे असे बघत बसले की जणू आत मांजराचं पिल्लू कोंडलंय. मुलगा तर दर पाच मिनिटांनी खिसा चाचपायचा.

तिसऱ्या दिवशी नातीला हकसाहेबांचे कप्पे आठवले. सूनबाई बचत गटाची खजिनदार आहे, त्यामुळे शिक्का मारायचं शाईचं पॅड घरातच होतं. नातीने वहीच्या पानावर दहा चौकोन आखले आणि माझी दहाही बोटं एकेक करून उमटवली. उजवा अंगठा म्हणजे नुसता काळा डाग. तर्जनीही तशीच. डाव्या अंगठ्यावर दोन-चार रेषा, त्याही तुटक. पण शिवताना ज्यांना कधी काम पडलं नाही ती बोटं लखलखीत! करंगळ्यांवर शंख. दोन्ही अनामिकांवर चक्र, उजवीकडचं तर छापील वाटावं असं. दोघा नातवंडांनी मिळून हिशेब केला: उजव्या अनामिकेचे ८ वर, डाव्या अनामिकेचा १ खाली, दोन्हीकडे एकेक मिळवा. माझा कप्पा निघाला ९ बाय २. मग सगळ्यांचे कप्पे काढायचे म्हणून घरभर शाई झाली. सूनबाईंच्या गटाचं पॅड संपलं ते वेगळंच, आणि साडेआठ कधी वाजून गेले ते डब्यातल्या फोनांशिवाय कुणाला कळलं नाही.

आता पुढच्या महिन्यात दुकान उघडलं की मी बीला आणि सुनेला घेऊन जाणार आहे. त्याआधी बीचीही दहा बोटं वहीत उमटवून घ्यायची आहेत. दुकानदार अंगठा मागेल, मी अनामिका पुढे करीन. मशीन काय म्हणालं ते पुढच्या अंकात कळवते.